परान्न

पौष शुद्ध चतुर्थी

आज प्रातःकाळी सौ. रत्नप्रभा न्हाणीघरात पाय घसरून पडली. उजव्या हाताचे मनगट मोडले आहे. शेजारच्या नलिनीबाईंनी आपल्या गाडीतून रुग्णालयात नेले व प्लास्टर घालून घेऊन दुपारी घरी आणून सोडले. खुर्चीत बसल्यावर रत्नप्रभेचे पहिले वाक्य हे, "अहो, आता तुमच्या जेवणाचं काय?"

वेदनेतही जिला पतीच्या अन्नाची चिंता, तिच्या पुण्याईचे वर्णन काय करावे.

चिंता खरी आहे. मौंजीच्या दिवशी गुरुजींनी मला परान्नत्यागाचा नियम दिला. परक्या हातचे शिजलेले अन्न मी ग्रहण करीत नाही. पुण्याहून नोकरीसाठी भोपाळला आलो, कारखान्यात उमेदीची सारी वर्षे घालवली, परंतु कँटीनच्या चहालाही ओठ लावला नाही. आधी मातोश्रींनी रांधले, विवाहानंतर रत्नप्रभेने, स्नान करून सोवळ्यात, आणि नैवेद्य निघेपर्यंत स्वयंपाकघराचा उंबरा कोणी ओलांडावयाचा नाही, मीसुद्धा. ही शिस्त तिने कधी ढळू दिली नाही. नाशिकला मुलीच्या, अपर्णेच्या, बाळंतपणाला गेली तेव्हा बारशाआधीच परतली, कारण येथे मी दूध आणि केळी यांवर होतो. गाडीतून उतरली ती थेट स्नानाला आणि चुलीकडे. अशी निष्ठा आता पाहावयास मिळत नाही.

आज दूध आणि केळी.

पौष शुद्ध सप्तमी

नलिनीबाई डबा घेऊन आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या, बोलणे मोकळे.

"काका, वरण-भात हाय, वांग्याची भाजी हाय. घ्या."

मी नम्रपणे नकार दिला व कारण सांगितले. त्यांनी ते यापूर्वीही अनेकदा ऐकले आहे.

"मंग तुमी का हवा खाऊन राहान? काकू तर जेवतीन ना?"

रत्नप्रभेला नियम नाही. ती डाव्या हाताने, सांडत सांडत, पण वांग्याची भाजी संपूर्ण जेवली. "कोणी वाढलेलं जेवायला किती बरं वाटतं गं नलिनी," असे म्हणाली. आजारपणात माणूस थोडे भावविवश होते.

स्वयंपाकीण ठेवण्याची सूचनाही झाली. मी नकारार्थी मान हलवली. जाताना नलिनीबाई म्हणाल्या, "अवधपुरीच्या मेन रोडवर साहूजीचं मोठं दुकान हाय. तयार पाकिटं भेटतात तिथं, सारी शाकाहारी. एकदा पाहून तर या."

रत्नप्रभा खिडकीबाहेर पाहत होती.

पौष शुद्ध दशमी

अशक्तपणा वाटू लागल्याने अखेर दुकानात गेलो. किराणा आणण्याचे काम आजवर रत्नप्रभेचे, म्हणून तेथे माझा हा पहिलाच प्रवेश.

तयार अन्नाची एक संपूर्ण गल्लीच आहे. थेपले, खाकरे, पराठे, ढोकळ्याचे पीठ, पेल्यातले पोहे, पाकिटातली डाळ. इतक्या परक्या हातांनी इतके शिजवून ठेवले आहे हे पाहून क्षणभर भीतीच वाटली. मग शास्त्राचा आधार घेतला. जे केवळ भाजलेले, लाह्या-चुरमुऱ्यांप्रमाणे, ते शिजलेले नव्हे. जे दुधातुपात सिद्ध झाले, त्याला आपत्काळी मुभा आहे. जे पाण्यात शिजले ते निषिद्ध. या हिशेबाने खाकरा चालेल, डाळ चालणार नाही, पेढा चालेल. थेपल्याविषयी मन साशंक राहिले, म्हणून थेपला ठेवून दिला.

कांदा-लसूण नाही याची खात्री करणे कठीण. वास घ्यावा तर वास घेतलेले देवाला चालत नाही, आणि देवाला न दाखवलेले मला चालत नाही. भिंग घेऊन गेलो होतो, म्हणून पाकिटावरची अक्षरे वाचता आली. जैनांसाठी वेगळी पाकिटे असतात. त्या समाजाचे आभार मानले.

दुकानाचे मालक साहूजी सज्जन आहेत. मला पाहून म्हणाले, "बाबूजी, आप तो महाराष्ट्रियन आंटी जी के यहाँ से हैं न? चश्मेवाली? आंटी जी बहुत दिन से दिखीं नहीं।"

मी अपघात सांगितला. ते खरोखर हळहळले. "अरे राम। उनके बिना तो अपनी दुकान सूनी है।"

गूळ, डाळ, तांदूळ घेणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी एवढी आत्मीयता. हा भोपाळचा स्वभाव आहे.

पौष वद्य द्वितीया

आज एक मोठा प्रश्न सुटला.

पेल्यातल्या उपम्याविषयी विचार करीत होतो. तो रवा भाजलेला, कोरडा. उकळते पाणी ओतल्यावाचून तो अन्नच नव्हे. मग त्याला अन्न करणारा कोण? जो पाणी ओततो तो. म्हणजे स्वगृही, स्नान करून, रेशमी कद नेसून मी पाणी ओतले तर स्वयंपाकी मीच, आणि परान्नाचा प्रश्न उरत नाही.

रत्नप्रभेला हे सांगितले. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. "म्हणजे तुम्ही करणार?"

"मी करणार."

ती उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसली. मी उंबऱ्याच्या आत. एवढ्या वर्षांत हे प्रथमच.

"किटलीचं बटण दाबा. अहो, ते नाही, तो मिक्सर आहे."

मिक्सर एकदम गर्जला. मी दचकून देवाचे नाव घेतले. रत्नप्रभा डाव्या हाताने पदर तोंडाला लावून हसू लागली, इतकी की मनगट दुखले म्हणून कळवळली आणि पुन्हा हसली. तिला असे हसताना पाहून किती काळ लोटला हे आठवेना.

उपम्याचा नैवेद्य दाखवला. चव सौम्य होती. देवाने काही तक्रार केली नाही.

पौष वद्य एकादशी

नागपूरहून रत्नप्रभेच्या थोरल्या भगिनी कुसुमताईंचा फोन. त्यांचे यजमान भालचंद्रराव यांची सहस्रचंद्रदर्शन शांती चैत्रात योजली आहे. एक हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिलेल्या मनुष्याचा तो सोहळा, मोठ्या भाग्याचा. कुसुमताईंची इच्छा अशी की रत्नप्रभेने महिनाभर आधीच यावे, दोघी बहिणींनी तयारी करावी, जरा एकत्र राहावे.

"ताई, मी कशी येणार," रत्नप्रभा फोनवर म्हणत होती. "यांचं जेवण आहे ना."

मला उत्तर द्यावे लागले नाही, तिनेच ते दिले. तेथे आचारी स्वयंपाक करणार, म्हणजे मी जाणे शक्य नाही. मी येथे एकटा राहणे शक्य नाही. हे ती जाणते. विषय संपला.

फोन ठेवल्यावर मात्र तिने देवघरातला दिवा उगाचच दोनदा पुसला.

माघ शुद्ध षष्ठी

उपमा, खाकरा, लाह्या, दूध. उपमा, खाकरा, लाह्या, दूध. वजन उतरले आहे, कद कमरेला दोन वेढे अधिक घेतो.

रेशमाचा किडा आपल्याच लाळेचा कोश विणतो आणि त्यातच कोंडला जातो, असे वेदान्ती दृष्टान्त देतात. मी तो अनेकदा इतरांना सांगितला आहे. आज कद नेसताना तो आठवला आणि ते वस्त्र हातात घेऊन तसाच उभा राहिलो. नियम मी घेतला, मी पाळला, त्याच्या प्रत्येक धाग्याचा मला अभिमान. आता बाहेर पडावयाचे म्हटले तरी दार कोणत्या बाजूला आहे ते दिसत नाही. आणि या कोशात मी एकटाच आहे, असेही नाही.

हे शेवटचे वाक्य का लिहिले, मला नीट कळत नाही. खोडत नाही.

माघ वद्य तृतीया

रत्नप्रभेचे प्लास्टर निघाले. ती नलिनीबाईंबरोबर जाऊन आली. हाड सांधले आहे, परंतु डॉक्टरांनी अजून विश्रांती सांगितली आहे असे म्हणाली. मनगटाला पट्टी आहे. मी नलिनीबाईंना विचारले, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "काकूले विचारा ना," आणि घाईने आपल्या घरात गेल्या.

तिची वेदना मोठी चमत्कारिक आहे. आज दुपारी तिने दुलई गच्चीवर नेऊन वाळत घातली, स्वतःची वेणी घट्ट घातली, कुसुमताईंशी तासभर फोन कानाला धरून बोलली, उजव्या हाताने. त्यात काही दुखले नाही. सायंकाळी मी सहज म्हणालो, "आता पोळ्या जमतील का गं?" तर पोळपाटाकडे पाहताच तिने मनगट धरले. विशिष्ट स्नायू विशिष्ट हालचालीनेच दुखावतो, असे काही असावे. आयुर्वेदात वाचले पाहिजे.

फाल्गुन शुद्ध द्वादशी

होळी तोंडावर आली. होळीला पुरणपोळीचा नैवेद्य आमच्या घरात कधी चुकलेला नाही. रत्नप्रभेला पुरण वाटणे अशक्य. मी पाणी ओतून पुरणपोळी होत नाही.

आज रविवार. साहूजी रविवारी दुकानाच्या मध्यभागी टेबल मांडून छोट्या द्रोणांतून तयार पदार्थ चाखावयास देतात. आज त्यात पुरणपोळीचे तुकडे होते.

मी पेच असा सोडवला. एका पाकिटातले चाखावे आणि दुसरे, बंद असलेले, देवाला न्यावे. म्हणजे नैवेद्य उष्टा होत नाही. आणि मी केवळ जिभेवर ठेवून परीक्षा करावी, गिळू नये. म्हणजे माझा नियमही राहतो.

पादत्राणे काढली. उभ्याने खाणे निषिद्ध, म्हणून साहूजींकडे स्टूल मागितले. घरून आणलेले पाणी तळहातावर घेतले.

"बाबूजी, टुकड़ा ही तो है," साहूजी म्हणाले. "पूरी थाली थोड़ी है।"

मागे रांग लागली होती. एक बाई म्हणाल्या, "अंकल जी, पूजा हो गई हो तो ज़रा खिसकिए।" कोणीतरी हसले.

तुकडा जिभेवर ठेवला, आणि तेथेच अडकलो. न गिळावा तर थुंकावा लागेल, आणि अन्न थुंकणे हा अन्नाचा अपमान, परान्नाहून मोठा दोष. गिळावा तर आयुष्यभराचा नियम गेला. मी डोळे मिटून, पुरण तोंडात धरून, त्या स्टुलावर बसून राहिलो. ते विरघळू लागले. माझ्या अनुमतीची त्याला गरज नव्हती.

प्रथम वेलची आली. मग जायफळ. मग अगदी मागून, घशापाशी, सुंठेची चुणूक.

अलीकडच्या काही होळ्यांपासून आमच्या घरच्या पुरणात सुंठ असते. पूर्वी नसे. मी एकदा विचारलेही होते. रत्नप्रभा म्हणाली होती, "वय झालं, हरभऱ्याची डाळ बाधते तुम्हाला, म्हणून घालते." मला तिच्या काळजीचे कौतुक वाटले होते. तेव्हापासून पोळीच्या कडाही वाटीने कापाव्यात तशा गोल येऊ लागल्या होत्या. म्हातारपणी हात अधिक सरावला, असे मी पाहुण्यांना सांगत असे.

डोळे उघडले. द्रोणातल्या उरलेल्या तुकड्याची कड पाहिली.

तेवढ्यात साहूजींनी न विचारता पाकिटे माझ्या पिशवीत टाकली. "आंटी जी की तो यही पसंद है। होली पे और किसी को दूँ न दूँ, उनके लिए अलग रखता हूँ।"

मी गिळले.

फाल्गुन शुद्ध त्रयोदशी

प्रथम असे वाटले की पोळ्या करणाऱ्या कोणा बाईने रत्नप्रभेकडूनच कृती शिकून घेतली असावी. हा विचार सकाळच्या संध्येपर्यंत टिकला.

दोष अजाणता घडला तर स्नानाने व नामस्मरणाने जातो. जाणून घडला तर प्रायश्चित्त आहे, आणि ज्याने तो घडवला त्यालाही त्याचा वाटा. मी आज विचारले तर रत्नप्रभा खरे सांगेल. ती थेट प्रश्नाला खोटे उत्तर देत नाही. मीच कधी थेट प्रश्न विचारला नाही. नैवेद्य निघेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर असे, एवढे त्या नियमाला पुरले.

विचारले तर उत्तर येईल. उत्तर आले की ते जाणणे झाले. मग त्या होळ्यांचे नैवेद्य, मी अतिथींसमोर केलेली परान्नाची निंदा, तो स्वच्छ राखलेला नियम, सगळ्याचा झाडा द्यावा लागेल, आणि दोषाचा धनी म्हणून तिचे नाव घ्यावे लागेल. न विचारले तर जे मला माहीत आहे ते मला माहीत नाही असे जगावे लागेल. दोन्ही बाजूंना भिंत आहे.

तिचे गुडघे किती वर्षांपासून दुखतात, हेही मला आज आठवेना. पाटा-वरवंटा घरातून कधी गेला ते मात्र आठवले. धार गेली म्हणून भंगारात दिला, असे ती म्हणाली होती. मी पुढे काही विचारले नव्हते.

फाल्गुन पौर्णिमा

बंद पाकीट मी स्वतः उघडले. पोळ्या तव्यावर ऊन केल्या, बोट भाजले, पितळेच्या ताटात केळीच्या पानावर मांडल्या, तूप सोडले. रत्नप्रभा उंबऱ्याबाहेर खुर्चीत बसून होती. आज तिने एकही सूचना केली नाही.

नैवेद्य झाला. पान तिच्यापुढे ठेवले आणि माझेही वाढून घेतले.

"अहो," ती अतिशय हळू म्हणाली, "तुम्ही खाणार ही?"

"देवाने ग्रहण केले. आता हा प्रसाद झाला. प्रसादाला परान्न म्हणत नाहीत."

हीच पळवाट माझे चुलतबंधू काढीत, तेव्हा मी त्यांना भर पंगतीत लज्जित केले होते. ती त्या पंगतीत वाढत होती. तिला ते आठवत असणार. तिने मान खाली घातली आणि पहिला घास मोडला, उजव्या हाताने.

"दुकानात चाखून बघितली होती?"

"चाखली."

"कशी लागली?"

मी ताटाभोवती पाणी फिरवले, चित्राहुती घातल्या. जितका वेळ लावता येईल तितका लावला.

"आपल्या घरच्यासारखी," मी म्हणालो.

तिने पुढचा घास बराच वेळ हातात धरून ठेवला. आम्ही जेवलो.

फाल्गुन वद्य द्वितीया

सकाळी पूजा आटोपून म्हणालो, "कुसुमताईंना कळव, तू येते आहेस. महिनाभर राहा. शांती उरकून ये."

"आणि तुमचं?"

"उपमा मला येतो. खाकरे आहेत. पोळ्याही मिळतात, कुठे ते आता ठाऊक झाले आहे. नैवेद्य दाखवीन आणि जेवीन."

"पण तुमचा नियम."

"नियमाचे मी पाहीन."

ती फोन घेण्यासाठी आत गेली. तिचे बोलणे मला ऐकू येत होते. ती कुसुमताईंना, "अगं, येते मी," एवढेच दोनतीनदा म्हणाली. नंतर पलीकडून त्याच बोलत असाव्यात.

मी मुक्त झालो आहे असे मला वाटत नाही. नियम सुटल्यावर मनुष्य हलका होत असेल, असे मी ऐकून होतो. मला केवळ रिकामे वाटते आहे. हा नियम म्हणजे मीच, असे मी इतकी वर्षे मानले. आता उरले ते कोण, हे उद्यापासून पाहावयाचे.

फाल्गुन वद्य षष्ठी

काल रंगपंचमी झाली. आज हबीबगंज स्थानकापर्यंतचे रस्ते अजून गुलाबी-हिरवे होते. स्थानकाचे नाव बदलून काळ लोटला, परंतु रिक्षावाल्याला मी हबीबगंजच सांगितले आणि त्यालाही तेच कळले.

नलिनीबाई सोबतीला होत्या. त्याही माहेरी निघाल्या आहेत. गाडी आली तेव्हा मी बॅग उचलण्यासाठी वाकलो, तो रत्नप्रभेने ती उजव्या हाताने उचलून, एका झटक्यात, दारात ठेवलीही. पट्टी नव्हती. देवीची कृपा म्हणावी, की बहिणीला भेटण्याच्या आनंदानेच दुखणे पळाले. नलिनीबाई दुसरीकडे पाहत हसत होत्या. कशाला, ते मी विचारले नाही.

गाडी हलल्यावर ती खिडकीतून म्हणाली, "गॅस बंद करत जा. आणि अहो, उपाशी राहू नका."

घरी आलो. उंबऱ्यापाशी सवयीने थांबलो. आत कोणी नव्हते. नैवेद्य निघण्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही, हे कळून आत पाऊल टाकावयास बराच वेळ लागला.

फाल्गुन वद्य अष्टमी

साहूजींकडून साध्या पोळ्यांचे पाकीट आणले. नैवेद्य दाखवला. चव बरी नव्हती. तेलकट, मागाहून घशाला चिकटणारी. अन्नाची निंदा करू नये म्हणून संपवली.

सायंकाळी रत्नप्रभेचा फोन. मागे बायकांचे बोलणे, भांडी, कोणाचा तरी खोकला. तिचा आवाज मोठा, मोकळा वाटला.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय होतं?"

"पोळ्या. दुकानातल्या. जरा तेलाचा वास होता."

"अहो, तुम्ही दुसऱ्या फळीवरच्या घेतल्या असतील. त्या तेलाच्या असतात. आपल्या त्या वरून तिसऱ्या फळीवर असतात, साजूक तुपातल्या."

बोलून ती थांबली. पलीकडे कुसुमताई तिला कशालातरी हाक मारीत होत्या. तिने ओ दिली नाही.

"तिसऱ्या," मी म्हणालो.

"हो."

"बरे. उद्या तिसऱ्या फळीवरच्या आणीन."